मोबाईल घेण्याआधी: तुलनेच्या तयारीची यादी

तुलनेची सुरुवात हातातल्या जुन्या फोनपासून करायची. त्याची सेटिंग उघडून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: स्टोरेज किती जीबी भरलं आहे आणि त्यात फोटो-व्हिडिओंचा वाटा किती, स्क्रीन दिवसाला सरासरी किती तास चालू असते (अँड्रॉइडमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ हे सांगतं), कोणती तीन अ‍ॅप सर्वांत जास्त बॅटरी खातात आणि महिन्याला मोबाईल डेटा किती लागतो. त्याखाली, या फोनने सर्वांत जास्त कशाने छळलं ते एका ओळीत लिहा. उन्हात स्क्रीन दिसत नाही, संध्याकाळपर्यंत चार्ज टिकत नाही, फोटो हललेले येतात, घरात शिरलं की रेंज जाते, जे असेल ते. हा कागद नसेल तर तुलना मेगापिक्सेल, वॅट, हर्ट्झ आणि जीबी एवढ्यापुरतीच उरते, कारण छापायला हेच आकडे सोपे असतात. रोज जाणवणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या तक्त्यात नसतातच.

मग तीन फोन निवडा. सात-आठ घेतले की तक्ता भरतो, निर्णय होत नाही. प्रत्येकाच्या नावासोबत मॉडेल क्रमांकही लिहा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो. सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ काही देशांत स्नॅपड्रॅगन चिप (फोनचा प्रोसेसर) घेऊन आला, बऱ्याच देशांत एक्झिनॉस घेऊन. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमकार्डाचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम (फोनमध्येच बसवलेलं डिजिटल सिम) चालतं. गॅलेक्सी एस२३ च्या १२८ जीबीच्या आवृत्तीत यूएफएस ३.१ या प्रकारचं स्टोरेज होतं आणि २५६ जीबीच्या आवृत्तीत त्याहून वेगवान यूएफएस ४.०. म्हणून एखादं परीक्षण पाहताना समोरच्याच्या हातात नेमकी कोणती आवृत्ती आहे हे आधी बघा. दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनवलेला फोन स्वस्त वाटला, तरी आपल्या नेटवर्कचे बँड (सिमकंपनी वापरते ते रेडिओ लहरींचे पट्टे) आणि आपल्याकडे लागू होणारी वॉरंटी या दोन गोष्टी तपासल्याशिवाय तो यादीत घेऊ नका.

पहिली चाळणी अपडेटची. इथे दोन वेगळे आकडे असतात: नव्या अँड्रॉइड आवृत्त्या किती आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं. यातला दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण सुरक्षा अपडेट थांबली की नव्याने सापडलेल्या त्रुटी त्या फोनमध्ये कायम उघड्या राहतात, आणि पुढे बँकेची अ‍ॅपही जुन्या आवृत्तीवर चालेनाशी होतात. मुदत सहसा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि त्याला ७ वर्षांची अपडेट जाहीर झाली, म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंत. चार वर्षांचं आश्वासन असलेला फोन दोन वर्षांनी सवलतीत घेतला, तर सवलतीसोबत निम्मी मुदतही गेलेली असते. कागदावर ‘किती वर्षं’ लिहिण्याऐवजी ‘कोणत्या महिन्यापर्यंत’ हे लिहा. तुमचा फोन वापरायचा बेत त्या तारखेच्या पलीकडे जात असेल, तर तो फोन इथेच खोडा.

दुसरी चाळणी नेटवर्कची, आणि ही लोक सर्वांत जास्त वेळा वगळतात. आपली सिमकंपनी ४जी आणि ५जीसाठी कोणते बँड वापरते ते शोधा आणि फोनच्या स्पेसिफिकेशनशी एकेक करून ताडा. विशेषतः १ गीगाहर्ट्झच्या खालचे बँड बघा, कारण भिंतींतून आत पोचणारी आणि लांब जाणारी रेंज त्यांचीच असते. ५जी लिहिलेल्या फोनमध्ये हाच एखादा बँड नसला, की रस्त्यावर भरपूर वेग आणि घरात शून्य अशी गत होते. जिथे जुनी २जी-३जी नेटवर्क बंद झाली आहेत तिथे व्हीओएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) चाललं नाही तर साधा कॉलही लागत नाही. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये ही अडचण येऊ शकते. दोन सिम आणि मेमरी कार्ड तिन्ही हवं असेल तर ट्रे हायब्रिड आहे का हे पाहा, कारण हायब्रिडमध्ये दुसरं सिम किंवा कार्ड, यांतलं एकच बसतं.

आता स्टोरेज. जुन्या फोनमध्ये जेवढं भरलेलं आहे त्याच्या किमान दुप्पट घ्या. १२८ जीबीतली सगळी जागा आपली नसते, सिस्टीम आणि आधीच भरलेली अ‍ॅप तिचा चांगलाच तुकडा घेतात. आकाराइतकाच स्टोरेजचा प्रकार महत्त्वाचा. स्वस्त फोनमध्ये अजूनही ईएमएमसी हे जुन्या प्रकारचं स्टोरेज असतं. त्याची अडचण नुसत्या वेगाची नाही: ते एका वेळी वाचू तरी शकतं किंवा लिहू तरी, आणि यूएफएस दोन्ही एकदम करतं. म्हणूनच मागे अ‍ॅप अपडेट होत असताना ईएमएमसीचा फोन अडकत अडकत चालतो, आणि लोक दोष रॅमला देतात. वाचनाचा वेग साधारण असा: ईएमएमसी ५.१ सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास, यूएफएस २.२ सुमारे १०००, यूएफएस ३.१ सुमारे २१०० आणि यूएफएस ४.० सुमारे ४२०० एमबी. रोजच्या वापरात २.२ आणि ३.१ यांतला फरक सोसता येतो, ईएमएमसीचा नाही. रॅमच्या रकान्यात ‘८+८ जीबी’ असं लिहिलं असेल तर ८ च वाचा. पुढचे ८ म्हणजे स्टोरेजचा एक भाग रॅमसारखा वापरायची सोय, आणि स्टोरेज रॅमपेक्षा खूपच संथ असतं.

चिपच्या नावांवर विसंबू नका. स्नॅपड्रॅगन ८एस जेन ३ हे नाव ८ जेन २ पेक्षा नवं, पण एकूण ताकदीत ते त्याच्या मागेच आहे. एका झटक्यात मिळालेला बेंचमार्कचा (वेगचाचणीचा) आकडाही अपुराच, कारण पहिली दोन मिनिटं सगळेच फोन पळतात, मग गरम होऊन वेग कमी करतात. थ्रीडीमार्क या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची ‘वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट’ तीच चाचणी लागोपाठ २० वेळा चालवते आणि शेवटी स्थिरतेची टक्केवारी देते. गेम खेळणाऱ्याने, उन्हात नकाशा लावून गाडी चालवणाऱ्याने आणि लांब व्हिडिओ शूट करणाऱ्याने तीच बघावी. ५५ टक्के स्थिरतेच्या महागड्या चिपपेक्षा ९५ टक्क्यांची मधल्या वर्गातली चिप आपला वेग जास्त टिकवून धरते. फक्त गप्पा, कॉल आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर या रकान्यावर वेळ घालवू नका.

स्क्रीनवर मात्र घालवा, कारण दिवसभर डोळ्यांसमोर तीच असते. ब्राइटनेसचे तीन आकडे वेगळे ओळखायचे. नेहमीचा, उन्हात ऑटो ब्राइटनेसवर संपूर्ण स्क्रीनला मिळणारा, आणि ‘पीक’. जाहिरातीतला ३००० किंवा ४५०० निट (ब्राइटनेसचं एकक) हा पीक असतो, आणि तो एचडीआर (जास्त उजळ आणि गडद छटा दाखवणाऱ्या) चित्रातल्या इवल्याशा भागापुरता मोजलेला असतो. उन्हात वाचता येईल की नाही हे दुसरा आकडा ठरवतो, म्हणून परीक्षणात तोच शोधा. १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा ताजं होणारं चित्र) चांगलंच, पण एलटीपीओ प्रकारचं पॅनल स्थिर चित्र असताना १ हर्ट्झपर्यंत खाली येऊन बॅटरी वाचवतं. साधं पॅनल तितकं खाली येत नाही. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: बऱ्याच ओएलईडी स्क्रीन प्रकाश कमी करण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा विझतात आणि पेटतात. हा वेग कमी असला की काहींचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. तपासायचं असेल तर दुकानात त्या फोनचा ब्राइटनेस अगदी कमी करा, दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर १/२००० च्या आसपास ठेवा आणि स्क्रीनकडे बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर रात्री अंधारात वाचणाऱ्यांनी विचार करावा. कडा वळलेल्या स्क्रीनवर साधी टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही. स्क्रीनखालच्या अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंटला जाड काच चालत नाही. आकार बघताना इंचांपेक्षा रुंदीचे मिलिमीटर आणि वजन बघा, अंगठा पोचणं रुंदीवर ठरतं.

बॅटरीत एमएएच (क्षमतेचा आकडा) हा अर्धाच हिशेब. छापलेला आकडा बहुधा ‘टिपिकल’ असतो, किमान हमीची ‘रेटेड’ क्षमता बारीक अक्षरात आणि थोडी कमी असते. दोन फोनची तुलना चिप आणि स्क्रीनसकट करायची असेल तर एकाच परीक्षकाने एकाच पद्धतीने मोजलेले तास घ्या, वेगवेगळ्या परीक्षकांचे आकडे शेजारी ठेवू नका. सिलिकॉन-कार्बन बॅटरीमुळे तेवढ्याच जाडीत ६००० एमएएच आणि त्याहून जास्त बसू लागलं आहे, हा खरा फायदा आहे. टिकाऊपणासाठी चार्ज सायकल पाहा, म्हणजे किती वेळा पूर्ण भरून-रिकामी केल्यावर ८० टक्के क्षमता उरते. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंत हा आकडा ५०० आणि आयफोन १५ पासून १००० आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीला येणाऱ्या फोनवर एक लेबल सक्तीचं झालं आहे. त्यात एका चार्जवर किती तास, किती सायकल, पडल्यावर टिकण्याची श्रेणी, दुरुस्तीसुलभतेची श्रेणी आणि पाण्या-धुळीचं आयपी रेटिंग हे सगळं असतं. तुम्ही कुठेही राहत असलात तरी त्या लेबलांची माहिती ‘एप्रेल’ या सार्वजनिक डेटाबेसवर वाचता येते. फक्त तिथल्या आवृत्तीची बॅटरी आणि तुमच्याकडच्या आवृत्तीची बॅटरी एकच आहे ना, हे ताडून पाहा.

चार्जिंगचे वॅटही असेच फसवे. १०० वॅटचा फोन पूर्ण वेळ १०० वॅट घेत नाही. बॅटरी भरत आली आणि फोन तापला की वेग पडतो. म्हणून अर्ध्या तासात किती टक्के आणि शंभरपर्यंत किती मिनिटं, हे दोन आकडे लिहा. खोक्यात चार्जर आहे का तेही. नसेल आणि फोन यूएसबी पीडी किंवा पीपीएस या सर्वांसाठीच्या चार्जिंग पद्धतींवर चालत असेल तर कोणत्याही चांगल्या कंपनीचा चार्जर चालतो. पण कंपनीच्या स्वतःच्याच पद्धतीने वेगात चार्ज होणारा फोन इतर चार्जरवर बराच संथ होऊ शकतो. केबलही बघा: ३ ॲम्पिअरच्या वर जायला ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी) चिप असलेली टाइप-सी केबल लागते. ती नसेल तर काही फोनना ४५ वॅटचा चार्जर असूनही पूर्ण वेग मिळत नाही.

कॅमेऱ्यात मेगापिक्सेल सर्वांत शेवटी. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या मोडमध्ये चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि २०० मेगापिक्सेलचा सेन्सरही सोळा-सोळा जोडून तेवढ्यावरच येतो. प्रकाश गोळा करतं ते सेन्सरचं क्षेत्रफळ. तो आकडा अपूर्णांकात असतो आणि छेद जितका लहान तितका सेन्सर मोठा: १/१.३ इंच हा १/२ इंचापेक्षा बराच मोठा. ओआयएस (ऑप्टिकल स्थिरीकरण) मुख्य कॅमेऱ्याला हवंच, त्याशिवाय संध्याकाळनंतरचे फोटो हलतात. पण धावत्या मुलाचा फोटो ओआयएसने स्थिर होत नाही, कारण ते फक्त हाताचं कंपन सावरतं. त्याला वेगवान शटर लागतं, आणि वेगवान शटरला मोठा सेन्सर. २ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ कॅमेरे मोजूच नका, ते संख्या वाढवायला असतात. अल्ट्रावाइडला (रुंद दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्याला) ऑटोफोकस असेल तर त्यानेच चांगले जवळचे फोटो निघतात. झूममध्ये ‘ऑप्टिकल’ शब्द आणि वेगळी टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) लेन्स शोधा. व्हिडिओत ४के ६० फ्रेम लिहिलेलं असतं, ते बहुतेकदा मुख्य कॅमेऱ्यापुरतं. सेल्फी आणि अल्ट्रावाइडला काय मिळतं ते वेगळं विचारा. दुकानात चालता चालता व्हिडिओ काढा, मध्येच लेन्स बदला, मग कोपऱ्यातल्या कमी उजेडात माणसाचा फोटो काढून तो पूर्ण मोठा करून केस आणि कापडाचा पोत बघा.

बारीकसारीक गोष्टी भरभर तपासा. कॉलवर स्क्रीन बंद करणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर खरा आहे की सॉफ्टवेअरवर भागवलं आहे? सॉफ्टवेअरवर भागवलेलं असेल तर गाल लागून कॉल म्यूट होऊ शकतात. जायरोस्कोप (फोन फिरवलेला ओळखणारा सेन्सर), कंपास आणि एनएफसी (फोन जवळ धरून पैसे देण्याची सोय) आहे ना? वाइडवाइन एल१ (व्हिडिओची नक्कल रोखणारी सुरक्षा पातळी) नसेल तर ओटीटीवर एचडी दिसत नाही. टाइप-सी पोर्ट यूएसबी २ चा असेल तर लांबलचक व्हिडिओ संगणकावर टाकायला फार वेळ जातो; आयफोन १५ सुद्धा यूएसबी २ चाच आहे, १५ प्रो ३ चा. आयपी६८ मध्ये खोली कंपनी ठरवते आणि चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राचं पाणी आणि साबण त्यात धरलेला नसतो, आणि पाण्याने बिघाड झाला तर वॉरंटी सहसा हात वर करते. स्क्रीन आणि बॅटरी बदलण्याचा अधिकृत दर घेण्याआधीच विचारून तक्त्यात लिहा. स्क्रीनचा दर फोनच्या किमतीच्या निम्म्याजवळ जात असेल, तर पहिल्या दिवसापासून कव्हर आणि काच लावायचीच.

खोका उघडताना सील बघा आणि डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून आलेला आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. परत करण्याची मुदत असेपर्यंत दोन्ही सिमवर कॉल, वाय-फाय, स्पीकर, कंपन, सगळे कॅमेरे, चार्जिंग आणि पांढऱ्या-काळ्या पडद्यावर मेलेले पिक्सेल एवढं तपासून घ्या. जुना फोन लगेच पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, ई-सिम, बँकेची अ‍ॅप आणि लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप हे सगळं नव्या फोनवर प्रत्यक्ष उघडून चालल्याची खात्री झाली, की मगच जुन्यातून खातं काढून फॅक्टरी रीसेट करा.