टाकलेल्यातून काय घ्यावे, काय सोडावे

मंडई उठण्याच्या सुमारास विक्रेते उरलेली भाजी वाट्यावर काढतात आणि जी वाट्यातही खपणार नाही, ती बाजूला टाकतात. त्यातून काही घ्यायचे असल्यास आधी विक्रेत्याला विचारावे, कारण तो पाला बहुधा कोणाच्या तरी गुरांसाठी ठेवलेला असतो. विचारले की लोक सहसा नाही म्हणत नाहीत. न विचारता उचलणाऱ्याकडे मात्र संशयानेच पाहतात.

फ्लॉवरचे दांडे, मुळ्याचा व बिटाचा पाला आणि वरची पाने काढल्यावर आतून घट्ट निघणारा कोबी निर्धास्तपणे घ्यावा, स्वच्छ धुवावा आणि शिजवूनच खावा. कोबी किंवा गाजरासारख्या घट्ट भाजीवर बुरशीचा ठिपका असेल, तर त्याच्या भोवतीचा सुमारे अडीच सेंटिमीटर भाग कापून उरलेली वापरता येते. टोमॅटो, मऊ फळे आणि पाव यांत बुरशी आतवर पसरलेली असल्याने ते पूर्णच टाकावेत. हिरवे पडलेले बटाटे घेऊ नयेत, कारण त्यांतील सोलानिन हे विष उकडल्यानेही जात नाही. बुरसटलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विषही भाजल्याने पुरते नष्ट होत नाही.

शिजवलेल्या अन्नाबाबत मी अधिक कडक आहे. लग्नकार्यातील उरलेला भात उन्हाळ्यात तासाभराहून अधिक काळ बाहेर राहिला असेल, तर तो नाकारावा. भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास चांगला आहे, एवढ्यावर विसंबू नये. फोडणीचा भात सर्वांनाच आवडतो, पण त्यासाठीचा भात रात्री लवकर फ्रीजमध्ये गेलेला हवा.

सोसायटीच्या जिन्याखाली ठेवलेले सामान टाकलेलेच असेल असे गृहीत धरू नये. सागवानी खुर्ची सैल झाली असली तरी सुताराकडून पक्की करून घेता येते, फुगलेले पार्टिकल बोर्ड मात्र सावरत नाही. लाकूड ठोकून पाहावे: पोकळ आवाज आणि मातीच्या रेषा ही वाळवीची खूण असते. सांध्यांत काळे ठिपके दिसले तर ढेकूण असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून गाद्या व उशा तर घेऊच नयेत. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलता येतात, झाकण वाकले असेल तर तो भंगारातच जावा. हेल्मेट अजिबात घेऊ नये, कारण आतील थर्माकोल अपघातात दबलेला असला तरी वरून कळत नाही.

पुठ्ठा, बाटल्या, पत्रा आणि तांब्याच्या तारा यांना आपण हात लावू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगेन. ती कचरावेचकांची कमाई आहे. पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली आणि तिच्यातूनच दारोदार कचरा गोळा करणारी स्वच्छ ही सहकारी संस्था पुढे आली. हौस म्हणून उचललेला पुठ्ठा कोणाच्या तरी दिवसाच्या वजनातून कमी होतो.

आपल्या घरून बाहेर जाणारेही कमी करता येते. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा हे प्रकार घरोघरी होतेच. उरलेला ओला कचरा खतासाठी वेगळा ठेवावा. सुका कचरा देताना तो ओला होऊ देऊ नये, कारण खरकट्याने भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही.