गाडीच्या पेनड्राइव्हवर गाणी क्रमाने कशी लावावीत

पुण्याहून रत्नागिरीला जाताना मलकापूर मागे पडलं आणि आंबा घाट सुरू झाला की फोनची रेंज जात-येत राहते. ऑनलाइन लावलेलं गाणं ऐन अंतऱ्यावर थांबतं. म्हणून आमच्या गाडीत कायम एक पेनड्राइव्ह असतो. एकदा आई-बाबांना घेऊन निघालो, तेव्हा त्यावर मुद्दाम गीतरामायण भरून घेतलं होतं, सगळीच्या सगळी ५६ गाणी. स्टिरिओ चालू केला आणि पहिलंच गाणं लागलं ‘आज का निष्फळ होती बाण’. म्हणजे थेट राम-रावण युद्ध. आई मागच्या सीटवरून म्हणाली, “अरे, रामाचा अजून जन्म व्हायचाय ना!”

स्टिरिओचं तसं काही चुकलं नव्हतं. त्यानं गाणी रोमन लिपीतल्या नावांप्रमाणे एबीसीडीच्या क्रमानं लावली आणि ‘Aaj’नं सुरू होणारं गाणं सगळ्यांत वर आलं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण आठवड्याला एक गाणं असं प्रसारित झालं. त्याचा सगळा जीव त्या क्रमात आहे, आणि तो क्रम मी पेनड्राइव्हवर कुठेच लिहिला नव्हता. तेव्हापासून पेनड्राइव्ह भरायची माझी एक ठरलेली पद्धत आहे. ती इथे सविस्तर सांगतो.

आधी एवढं लक्षात घ्या, की स्टिरिओ क्रम ठरवताना तीनपैकी कुठली तरी एक गोष्ट बघतो: फाइलचं नाव, फाइलच्या आत लिहिलेली माहिती म्हणजे टॅग, किंवा पेनड्राइव्हवर कुठली फाइल आधी उतरली ते. तुमचा स्टिरिओ यातलं काय बघतो हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून तिन्ही ठिकाणी एकच क्रम ठेवायचा. मग गाडी कुठलीही असो, घोळ होत नाही.

पेनड्राइव्ह आणि पोर्ट

३२ जीबीचा साधा पेनड्राइव्ह घ्या. त्याहून मोठ्याची गरज नसते. १९२ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये चार मिनिटांचं गाणं साधारण पावणेसहा एमबीचं होतं, म्हणजे ३२ जीबीत पाच हजार गाणी आरामात बसतात. पेनड्राइव्ह बुटका, नखाएवढाच बाहेर राहणारा असावा. लांब पेनड्राइव्हला गिअर टाकताना हात लागतो, शेजारी बसणाऱ्याचा गुडघा लागतो आणि एक दिवस पोर्टच सैल होतो.

गाडीत दोन पोर्ट असतील तर त्यातला एक बहुतेक वेळा फक्त चार्जिंगचा असतो. ज्याच्याशेजारी यूएसबीची त्रिशूळासारखी खूण किंवा संगीताचं चिन्ह आहे, तो गाण्यांचा. नव्या गाड्यांत नुसते टाइप-सी पोर्ट येऊ लागलेत. तसं असेल तर एका बाजूला नेहमीचं आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी अशी दोन्ही टोकं असलेला पेनड्राइव्ह घ्या, मध्ये जोडणी लावत बसू नका.

फॉरमॅट

पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ या पद्धतीनं फॉरमॅट करा. ‘एनटीएफएस’ बऱ्याच स्टिरिओंना वाचता येत नाही, ‘एक्सफॅट’ जुन्यांना येत नाही, फॅट३२ मात्र जवळपास सगळ्यांना येतं. विंडोजमध्ये पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडलं की हा पर्याय दिसतो. पेनड्राइव्ह ३२ जीबीहून मोठा असेल तर बऱ्याच संगणकांवर त्या खिडकीत तो दिसत नाही, ३२ जीबीच घ्या म्हणायचं हे दुसरं कारण. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’त ‘एमएस-डॉस फॅट’ निवडा आणि स्कीम ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ ठेवा. ‘जीयूआयडी’ राहिली तर बरेच स्टिरिओ ‘डिव्हाइस सापडलं नाही’ एवढंच म्हणतात आणि माणूस पेनड्राइव्हला दोष देत बसतो.

फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं. आत लग्नाचे फोटो नाहीत ना, ते बघून घ्या.

गाणी कुठल्या रूपात

सरळ एमपीथ्री. घरी सीडी असतील तर त्या संगणकावर उतरवताना १९२ किंवा २५६ केबीपीएस ठेवा. त्याहून मोठ्या फाइलचा फरक चालत्या गाडीत, टायरच्या आणि एसीच्या आवाजात कानाला लागत नाही. ‘फ्लॅक’ (दर्जा जराही न घटवणारा, मोठ्या फाइलचा प्रकार) नव्या स्टिरिओत चालतं, सगळ्यांत नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: गाण्यांच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं त्या ॲपपुरतंच असतं, पेनड्राइव्हवर टाकून ते वाजत नाही. पेनड्राइव्हसाठी सीडी किंवा विकत घेतलेली एमपीथ्री फाइलच लागते.

सगळं भरण्याआधी एक चाचणी करा. एका फोल्डरमध्ये चारच फाइल ठेवा: एक एमपीथ्री, एक एमफोरए (एमपीथ्रीसारखाच गाण्याच्या फाइलचा दुसरा प्रकार), एक फ्लॅक आणि एक नाव देवनागरीत असलेली. गाडीत जाऊन लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे दोन तास वाचतात.

देवनागरीची चाचणी मुद्दाम सांगतोय. काही स्टिरिओंवर मराठी नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. काहींवर अक्षरं दिसतात, पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसतो. असं झालं तर हट्ट सोडा आणि सगळी नावं रोमन लिपीत लिहा. मला ते मनापासून आवडत नाही. पण घाटात चालवताना नाव एका नजरेत वाचता येणं महत्त्वाचं आहे.

फोल्डर

फोल्डर असे करा, की गाडीत बसलेला माणूस जे मागेल ते दोन पायऱ्यांत सापडेल. आमच्याकडे वरच्या पायरीवर मोजके फोल्डर आहेत: अभंग, भावगीतं, नाट्यसंगीत, शास्त्रीय, लावणी, हिंदी, आणि पोरांची गाणी. आत दुसऱ्या पायरीवर गायक किंवा नाटक. त्याच्या आत आणखी फोल्डर नाही. किती पायऱ्या आणि एका फोल्डरमध्ये किती फाइल वाचल्या जातात, याला प्रत्येक स्टिरिओची मर्यादा असते आणि ती गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. दोन पायऱ्या आणि फोल्डरमागे शंभरच्या आत गाणी एवढं पाळलं तर मॅन्युअल उघडायची वेळ सहसा येत नाही.

भावगीतं गायकाप्रमाणे लावा, संगीतकाराप्रमाणे नको. घरच्या कपाटात संगीतकारानुसार लावणं मलाही पटतं. पण गाडीत मागणी येते ती ‘आशाताईंचं लाव’, ‘बाबूजींचं लाव’ अशीच. नाट्यसंगीताचं मात्र उलट. एकच पद चार गायकांनी गायलेलं असतं, म्हणून तिथे नाटकाचा फोल्डर करा आणि फाइलच्या नावात पदापुढे गायकाचं आडनाव घाला.

फाइलची नावं

क्रम महत्त्वाचा असेल तिथे नावाच्या सुरुवातीला आकडा घाला, आणि तो दोन अंकी घाला: ०१, ०२, ०३. नुसतं १, २, ३ लिहिलंत तर बरेच स्टिरिओ १ नंतर १०, ११, १२ लावतात आणि २ पार मागे जातो. गीतरामायणाला ०१ ते ५६. आकडे इंग्रजीच टाका, देवनागरी नकोत. आकड्यानंतर एक मोकळी जागा, मग गाण्याचे पहिले तीन-चार शब्द, बस. पडद्यावर वीसेक अक्षरंच मावतात. नावाच्या सुरुवातीला वेबसाइटचं नाव चिकटलेलं असेल तर काढून टाका, नाहीतर यादीभर तेच दिसत राहतं.

टॅग

वेळ सगळ्यांत जास्त इथे जातो, आणि तो द्यायलाच हवा. टॅग म्हणजे फाइलच्या पोटात ठेवलेली चिठ्ठी: गाण्याचं नाव, गायक, अल्बम, क्रमांक. विंडोजवर ‘एमपीथ्रीटॅग’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. मॅक किंवा लिनक्सवर ‘किड३’ चालतं. फोल्डर उघडा, सगळी गाणी निवडा आणि ‘अल्बम’च्या रकान्यात एकदाच नाव लिहा, ते सगळ्यांना लागतं. क्रमांक भरायला आपोआप अंक टाकायची सोय आहे, ५६ वेळा टाइप करावं लागत नाही. सेटिंगमध्ये टॅगची आवृत्ती ‘आयडीथ्री २.३’ ठेवा, गाड्यांना ती जास्त रुचते.

दोन रकाने नीट भरा. पहिला ‘अल्बम आर्टिस्ट’. एका अल्बममध्ये पाच गायक असतील आणि हा रकाना मोकळा असेल, तर काही स्टिरिओ एका अल्बमचे पाच तुकडे करून दाखवतात. तिथे सगळ्या गाण्यांना एकच नाव द्या. दुसरा गायकाचा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे गाडीच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. रोमन लिपीत तर स्पेलिंगमुळे आणखी दोघांची भर पडते. मी सरळ उपाधी काढून टाकतो. आदर ऐकण्यात असतोच, यादीत नाव एकाच ठिकाणी सापडलं पाहिजे. गीतकाराचं नाव गाडीच्या पडद्यावर दिसत नाही, तरी जमलं तर ते ‘कॉमेंट’च्या रकान्यात लिहून ठेवा. निदान घरच्या संगणकावर तरी आपल्या गीतकारांची नोंद राहते.

आवाज सारखा करणं

जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं हळू वाजतं म्हणून तुम्ही आवाज वाढवता, आणि पुढचं नवं गाणं कानावर आदळतं. मागे बाळ झोपलं असेल तर विचारूच नका. यासाठी ‘एमपीथ्रीगेन’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते गाणं पुन्हा दाबून लहान (कॉम्प्रेस) करत नाही, फक्त आवाजाची पातळी बदलतं, त्यामुळे दर्जा जात नाही. त्यात ८९ डेसिबल ठरलेलं असतं, ते तसंच राहू द्या. सुट्या भावगीतांना ‘ट्रॅक’ पद्धत वापरा, म्हणजे प्रत्येक गाणं वेगळं मोजून एका पातळीवर येतं. मैफलीच्या ध्वनिमुद्रणाला मात्र ‘अल्बम’ पद्धतच लावा, तिथे सगळ्या फाइलचा आवाज एकत्र, सारखाच बदलतो. नाहीतर हळुवार आलापी आणि द्रुत बंदिश एकाच पातळीवर येतात, आणि गवयानं जो चढ बांधत आणला तो सपाट होऊन जातो.

ख्यालाची फाइल तासाभराची असेल तर आणखी एक अडचण येते. चहाला थांबलात आणि गाडी बंद केली, की काही स्टिरिओ फाइल पुन्हा पहिल्यापासून लावतात. विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये श्रोत्यांची दाद असते, तिथे फाइलचे दोन भाग करा. ‘एमपीथ्रीडायरेक्टकट’नं हे दर्जा न घालवता करता येतं. भरल्या आवर्तनात कापू नका, जोडावर क्षणभर शांतता येते आणि सम हुकल्यासारखं वाटतं.

भरणं, आणि क्रम पक्का करणं

आता मुख्य पायरी. फॅट३२ पेनड्राइव्हवर प्रत्येक फोल्डरची एक यादी असते. ती हजेरीपटासारखी: जी फाइल आधी आली तिचं नाव आधी. संगणक दाखवताना ती यादी नीट लावून दाखवतो, त्यामुळे घरी सगळं व्यवस्थित दिसतं. बरेच स्टिरिओ मात्र हजेरीपट वरून खाली जसाच्या तसा वाचतात. वर एखादं गाणं पुसलंत आणि नवं टाकलंत, तर ते रिकाम्या झालेल्या जागेत जाऊन बसू शकतं. शेवटी टाकलेलं गाणं मध्येच का वाजतं, याचं उत्तर हे आहे.

म्हणून आधी सगळी मांडणी संगणकावरच पूर्ण करा आणि मग पेनड्राइव्हवर एकदम उतरवा. उतरवून झालं की विंडोजवर ‘ड्राइव्हसॉर्ट’, लिनक्स किंवा मॅकवर ‘फॅटसॉर्ट’ चालवा. ही साधनं गाण्याला हात लावत नाहीत, फक्त हजेरीपट नावांच्या क्रमानं पुन्हा लिहितात. म्हणूनच मघाशी ०१, ०२ घातले. पुढे दोनच गाणी वाढवलीत तरी शेवटी हे एकदा चालवायचं.

मॅकवरून भरलं असेल तर प्रत्येक गाण्याशेजारी टिंब आणि खालची रेघ यांनी सुरू होणारी एक छुपी फाइल तयार झालेली असू शकते. मॅकवर ती दिसत नाही, गाडीत मात्र गाणं म्हणून दिसते आणि वाजत नाही. विंडोजच्या संगणकावर छुप्या फाइल दाखवायचा पर्याय चालू करून त्या पुसून टाका. पेनड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ करूनच काढा. अर्धवट लिहिलेल्या यादीनं आख्खा फोल्डर जातो.

गाडीत

गाडी उभी असताना लावून बघा, चालवताना नाही. पहिल्यांदा लावल्यावर स्टिरिओ सगळ्या गाण्यांची यादी तयार करतो, त्याला एखाद-दोन मिनिटं द्या. मग ‘शफल’ बंद आहे ना ते बघा, आणि ‘फोल्डर’ किंवा ‘फाइल’ अशी यादी निवडून पहिली तीन गाणी पुढे ढकलून बघा. ०१, ०२, ०३ आली तर काम झालं. त्याऐवजी ०१ नंतर थेट ०३ आलं, तर ०२च्या नावात शून्य घालायचा राहिलाय.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्ड हात लावता येणार नाही इतका तापतो, आणि पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं तिथेच असतो. तो कधीतरी जाणार हे धरून चाला. संगणकावर लावलेला मूळ फोल्डर पुसू नका. त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर करून बाबांच्या गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे, आणि तिच्यावर आईनं छोटी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘गीतरामायण, क्रमाने’.