पायांना सूज आली तर आधी काय पाहावे

संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतू लागतो, जोडवी घट्ट होतात, आणि घरातले कोणीतरी लगेच ‘लघवीची गोळी’ घेऊन पाहण्याचा सल्ला देते. तो सल्ला मानू नये. सूज हे लक्षण आहे; तिचे कारण न कळता पाणी उतरवले तर मूळ आजार तसाच वाढत राहतो. कारणाचा बराचसा अंदाज मात्र घरीच, नीट पाहिल्यास येतो.

सर्वांत आधी सूज एकाच पायावर आहे की दोन्ही पायांवर, हे पाहावे. शस्त्रक्रिया, लांबचा प्रवास किंवा अंथरुणाला खिळून राहणे यांनंतर एकच पाय सुजला आणि पोटरी दुखू लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून पोटरी चोळू नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्वचा लाल व गरम असून ताप असेल, तर जंतुसंसर्ग समजावा. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्यांतून तो शिरतो आणि मधुमेह असलेल्यांमध्ये झपाट्याने पसरतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोगाचाही विचार करावा लागतो. तेथे सरकारी मोहिमेत मिळणाऱ्या गोळ्या काहीही त्रास नसलेल्यांनीही घ्याव्यात, कारण हा जंतू सूज दिसण्याआधी अनेक वर्षे शरीरात राहू शकतो.

सूज दोन्ही पायांवर असेल, तर नडगीच्या खालच्या भागावर अंगठा साधारण 10 सेकंद दाबून धरावा. बोट उचलल्यावर खड्डा राहिला, तर तेथे पाणी साचले आहे. दिवसभर उभे राहणाऱ्यांमध्ये पायांच्या शिरांमुळे अशी सूज येते आणि रात्रीच्या झोपेनंतर बरीच उतरते. आडवे पडल्यावर धाप लागत असेल किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले असेल, तर हृदयाची तपासणी तातडीने हवी. सकाळी डोळ्यांभोवती सूज आणि लघवीला फेस असेल, तर मूत्रपिंडाकडे, आणि पोटही फुगले असेल, तर यकृताकडे लक्ष जाते.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित कारण म्हणजे औषधे. रक्तदाबासाठी दिली जाणारी अॅम्लोडिपिन घोट्यांवर सूज आणू शकते, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतात. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आणलेली गोळी पाय सुजण्याचे कारण असू शकते, हे कित्येकांना ठाऊकच नसते. तरीही रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टर ती बदलून देऊ शकतात.

गरोदरपणात घोट्यांवर थोडी सूज येतेच. पण ती अचानक चेहऱ्यावर व हातांवर आली, डोके दुखू लागले, अंधुक दिसू लागले किंवा रक्तदाब 140/90 वा त्याहून अधिक भरला, तर थांबू नये.

सांध्याची सूज वेगळी ओळखता येते: ती सांध्याभोवतीच असते आणि हालचाल केली की दुखते. पायाच्या अंगठ्याचा सांधा रात्रीतून लाल होऊन चादरीचा स्पर्शही सहन होत नसेल, तर युरिक अॅसिडमुळे होणारा गाऊट असू शकतो. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजून सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर आमवाताची तपासणी करावी. चिकुनगुनियानंतर सांधे काही महिने सुजलेले राहू शकतात. तापासह एकच सांधा गरम होऊन हलवणेही अशक्य झाले, तर सांध्यात पू झाल्याची शंका घ्यावी; तेथे एक दिवसाचा उशीरही सांधा कायमचा निकामी करू शकतो.

धाप किंवा वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील, तर उशांवर पाय ठेवून ते छातीपेक्षा उंच राहतील असे दिवसातून काही वेळा पडावे, लोणचे-पापड कमी करावेत आणि चालणे चालू ठेवावे. आठवड्यात उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, वेदनाशामकांसह, सोबत न्यावीत, आणि लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन व हिमोग्लोबिन यांचे जुने अहवालही दाखवावेत.