बिट घेतलं का? नेलगनने स्क्रू मारण्याआधीची तयारी

गन, कॉम्प्रेसर, पाइप, गॉगल हे कुणी विसरत नाही. विसरतं ते बिट, म्हणजे ड्रिलला लावायचं स्क्रू पिळण्याचं टोक. चहा-वड्याच्या पैशात येणारी ही वस्तू, आणि तिच्यावाचून अख्खं काम अर्ध्यात लटकतं. कारण हातात नेलगन (हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी गन) आली की डोकंही खिळ्यांच्या हिशेबाने चालायला लागतं: ठोकलं, बसलं, पुढे सरका. नेलगनमध्ये घालायचे, पट्टीत जोडलेले स्क्रू तसे नसतात. गन त्यांना जवळजवळ पूर्ण आत घालते, पण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ड्रायव्हरने पिळून बसवायचे असतात. हे काम अर्धं खिळ्याचं, अर्धं स्क्रूचं आहे आणि लोक तयारी करतात ती फक्त पहिल्या अर्ध्याची. म्हणून आधी बिट डब्यात टाका, मग पुढचं वाचा.

कोणते स्क्रू, हे नीट कळायला हवं. इथे बोलतोय ते खास नेलगनसाठी केलेल्या स्क्रूंबद्दल; ऑस्ट्रियातल्या बेक कंपनीचे ‘स्क्रेल’ हे त्यातलं माहितीतलं नाव. यांचे आटे तिरपे आणि लांब अंतराचे असतात. त्यामुळे पिस्टनच्या एका ठोक्यात स्क्रू स्वतःभोवती फिरत आत जातो, लाकडाचे तंतू सरसकट फाडत जात नाही. डोक्यावर खाच असते, म्हणून नंतर पिळता येतो आणि हवा तेव्हा उलटा फिरवून काढताही येतो. जिप्सम बोर्डाच्या सीलिंगसाठी प्लास्टिकच्या पट्टीत येणारे काळे स्क्रू हा वेगळा प्रकार. ते फिरवणाऱ्या स्क्रूगनसाठी आहेत. दुकानात ‘पट्टीतले स्क्रू’ एवढंच म्हणालात तर तेच पुढ्यात येण्याची शक्यता जास्त. ते नेलगनमध्ये घालू नका, ‘एकदा बघू तरी’ म्हणूनसुद्धा नाही. ते कडक पाणी दिलेले, ठिसूळ असतात. ठोक्याने मोडतात आणि तुकडा कुठेही उडतो. जपानमध्ये आधी ठोकून मग फिरवणारी हवेची यंत्रंही वापरात आहेत, पण ती गनच वेगळी. तिचे नियम इथे लागू नाहीत.

हा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर चाकण-भोसरीकडे निर्यातीच्या पेट्या करणाऱ्याला सांगायला नको. पेटी तपासणीसाठी उघडली जाते, पुन्हा बंद करावी लागते. खिळे पहारीने उपटले की फळी चिरते. बदली फळी कुठलीही लावून चालत नाही. आयएसपीएम-15 या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाखाली तीही प्रक्रिया केलेलीच लागते, म्हणजे उष्णता दिली असेल तर गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं. प्लायला हा नियम नाही, भरीव पाइनला आहे. स्क्रू असले की झाकण उलटं पिळून निघतं आणि त्याच फळीने पुन्हा बंद होतं. अर्थात पेटी उघडणाऱ्याकडेही तेच बिट हवं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक बिट चिकटपट्टीने लावून ठेवलंत आणि बाहेर मार्करने तसं लिहिलंत, तर समोरचा माणूस पहार उचलणार नाही.

आता बिट कुठलं. खोक्यावर लिहिलेलं असतं. ते वाचा आणि स्क्रूच्या डोक्यात प्रत्यक्ष बसवून बघा. खाच चौकोनी असेल, ताऱ्याची असेल किंवा फुलीची. फुलीतच फसगत होते. साधी फिलिप्स आणि पोझी लांबून सारख्याच दिसतात. पोझीला मुख्य फुलीच्या मधल्या चार कोपऱ्यांत बारीक रेघा असतात. फिलिप्सचं बिट पोझीत बसल्यासारखं वाटतं, दोन-चार स्क्रू फिरतातही, मग घसरायला लागतं आणि खाच गोल करून ठेवतं. गोल झालेली खाच म्हणजे तो स्क्रू ना आत ना बाहेर. एक बिट नेऊ नका, निदान चार न्या. पाइनमध्येही बिट झिजतं, आणि हातातून निसटून भुशात पडलेलं बिट सापडत नाही. चुंबकाचा होल्डर असेल तर उत्तम. ड्रिलला क्लच (ठरावीक जोरानंतर पिळणं थांबवणारा भाग) असलेला बरा आणि तो खालच्या आकड्यावर ठेवायचा. आटे लांब अंतराचे असल्यामुळे उरलेल्या दोन-तीन मिलिमीटरला फार फेरे लागत नाहीत. इम्पॅक्ट ड्रायव्हरने (ठोके देत पिळणाऱ्या यंत्राने) जोरात दाबलंत तर डोकं फळीत रुतेल आणि आतले आटे लाकूड खरवडून मोकळे होतील. मग तो स्क्रू नुसता फिरत बसतो. आणि बॅटरी चार्ज करा. बिट आहे पण ड्रिल मेलेलं, हाही बिट विसरल्यातलाच प्रकार.

पट्टीचा कोन गनशी जुळला पाहिजे. प्लास्टिकच्या पट्टीच्या गन साधारण 20 ते 22 अंशांच्या, तारेच्या पट्टीच्या 28 च्या, कागदी पट्टीच्या 30 ते 34 च्या, आणि तारेने जोडलेली कॉइल 15 अंशांची. पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या) कारखान्यात बहुधा कॉइलचीच गन असते. गनवर लिहिलेला कोन, लांबीची मर्यादा आणि दांड्याची जाडी वाचूनच माल मागवा. सीएन-55 या कॉइलच्या गनमध्ये 57 मिमीपर्यंतचाच खिळा जातो. 64 चा स्क्रू घरी आणून मॅगझिनशी (गनच्या स्क्रू भरायच्या कप्प्याशी) झटापट करण्यात अर्थ नाही. जाडी मोजताना आट्यांची बाहेरची जाडी धरा. मधला दांडा बारीक असतो, पण गनच्या तोंडात अडकतात ते आटे. डोक्याचा व्यासही तोंडातून सुटायला हवा. काही कागदी पट्टीच्या गन अर्ध्या कापलेल्या डोक्याच्या खिळ्यांसाठी असतात, त्यातून पूर्ण गोल डोकं जात नाही. ‘सगळं जातं’ म्हणणाऱ्या दुकानदाराला त्याच गनमध्ये घालून दाखवायला सांगा.

गनमधली ठोकणारी पातीही बघून घ्या. तिचं टोक झिजून गोल झालं असेल किंवा कडेला बर (धातूची बाहेर आलेली धार) आला असेल तर ती खाचेच्या कडा मोडते, आणि मग योग्य बिटही धरत नाही. खिळ्यांना हे चालून जायचं, इथे नाही.

लांबी ठरवताना स्क्रूचा साधारण दोन-तृतीयांश भाग खालच्या लाकडात जाईल असं बघा. 18 मिमीची फळी 40 मिमीच्या बॅटनवर (खालच्या आधाराच्या लाकडी पट्टीवर) बसवायची तर 50 चा स्क्रू: 32 मिमी खाली जातो, टोक 8 मिमी आत राहतं. 58 मिमीहून लांब घेतलात तर टोक पलीकडे डोकावेल, आणि पेटीच्या आत डोकावणारं टोक मालाला ओरखडे पाडतं. संख्या मोजून मागवा. पॅलेटच्या वरच्या सात फळ्या, खाली तीन बॅटन, प्रत्येक जोडावर दोन, म्हणजे 42 स्क्रू. त्यावर दहा टक्के जास्त. म्हणजे एका पॅलेटच्या फक्त वरच्या बाजूला 42 डोकी पिळायची आहेत. बिट.

लाकडाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, तरी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पाइन आणि तत्सम मऊ लाकडात हे स्क्रू सुरेख जातात. साल, बाभूळ, जुना वाळलेला साग असल्या कठीण लाकडात गन हरते. डोकं दहा मिलिमीटर वर राहतं आणि पिळायला गेलं की स्क्रू तुटतो. आधी भोक पाडून ठेवावं म्हणाल, तर गनचं तोंड त्या भोकावर नेमकं धरता येत नाही. कठीण लाकडाला ड्रिल आणि साधा स्क्रू, विषय संपला. टॅनिन जास्त असलेल्या लाकडावर साध्या लोखंडाने काळे डाग पडतात. उघड्यावर राहणार असेल किंवा तांब्याचं क्षार असलेलं औषध पाजलेलं लाकूड असेल, तर गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच घ्या. फळीच्या टोकापासून 25 मिमी तरी आत मारा, नाहीतर चीर जाते. गाठीवर मारू नका.

दुसरी गोष्ट फटीची, आणि ही बरेच जण शेवटी शिकतात. स्क्रू आहे म्हणजे दोन फळ्या ओढून घेईल, असं गृहीत धरतात. दांड्यावर आटे वरपर्यंत असतील तर ते वरच्या फळीतही घट्ट बसतात. मग पिळल्यावर दोन्ही फळ्या एकाच वेगाने सरकतात आणि मधली फट आहे तशीच राहते. ठोकण्याआधीच फळी दाबून बसली पाहिजे: क्लॅम्प लावा, नाहीतर जोडापासून लांब गुडघा किंवा पाय देऊन दाबा. डोक्याखालचा थोडा भाग आट्यांशिवाय कोरा असलेले स्क्रू मिळाले तर घ्या. ते थोडं ओढतात, तेही फट कागदाएवढी असेल तर.

हवा. कोकणात आणि पावसाळ्यात कुठेही कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. काम सुरू करण्याआधी खालचा नळ उघडून ते काढा. पाणी गनमध्ये गेलं की आतलं वंगण धुऊन जातं आणि भाग गंजतात. फिल्टर आणि रेग्युलेटर लावा. गनला तेल लागत असेल तर हवेच्या तोंडात नेलगनचं तेल चार-पाच थेंब. बिनतेलाची गन असेल तर थेंबही नाही. बारीक आणि लांबलचक पाइप लावलात तर रेग्युलेटरवर सहा बार दिसेल आणि गनपर्यंत पाच येईल, मग दर चौथ्या स्क्रूचं डोकं जास्त वर राहील आणि दोष स्क्रूंना जाईल. आतून आठ मिमीचा पाइप, शक्य तितका आखूड. कपलरचा (पाइप आणि गन जोडणाऱ्या तुकड्याचा) हवा रोखणारा भाग पाइपावर असायला हवा आणि गनवर साधा नर तुकडा, म्हणजे काढल्याबरोबर गनमधली हवा निघून जाते. उलटं बसवलंत तर पाइप काढल्यावरही गनमध्ये एक ठोका शिल्लक राहतो. ऑक्सिजनचं किंवा गॅसचं सिलिंडर लावायचा विचारसुद्धा नको, स्फोट होतो.

मग चाचणी, त्याच लाकडाच्या, त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर. साधारण पाच बारपासून सुरुवात करा, अर्ध्या अर्ध्या बारने वाढवा, गनवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर कधीच नाही. डोकं फळीच्या दोन-तीन मिलिमीटर वर थांबलं की रेग्युलेटरला हात लावायचा नाही. बारीक फरक गनवरच्या, स्क्रू किती खोल जावा हे ठरवणाऱ्या चाकाने करायचा. डोकं सपाट बसलंय म्हणून खूश होऊ नका. गनने पूर्ण आत मारलेला स्क्रू पुष्कळदा तंतू फाडून बसलेला असतो, त्याला आता पिळायला जागाच उरलेली नसते. चाचणीत निदान दहा स्क्रू मारा आणि ते दहाही पिळून बघा. इथेच कळतं बिट बरोबर आहे की नाही, ड्रिलचा क्लच कुठे हवा. एक उलटा काढूनही बघा. आट्यांत भुसा गच्च भरून आला तर जोर जास्त झालाय. ही चाचणी बिटाशिवाय होत नाही. म्हणजे बिट विसरलात तर निदान इथे तरी कळेल, चाळीस डोकी उभी करून नव्हे.

सुरक्षा थोडक्यात. बाजूने झाकलेला गॉगल, कानात बोंडं, पायात जाड बूट. खटका एकेका ठोक्याचा ठेवा. दाबून धरायचा आणि तोंड टेकवत जायचं हा प्रकार स्क्रूंना नको, कारण प्रत्येक स्क्रू सरळ उभा जायला हवा. तिरपा गेला तर बिट खाचेत नीट उभं राहत नाही. मोकळा हात तोंडापासून एक फूट लांब. गनच्या तोंडाची सुरक्षा पट्टी तार बांधून बंद करणाऱ्याच्या हातात गन देऊ नका.

काम चालू असताना आठ-दहा स्क्रू मारले की थांबून पिळून घ्या. सगळे मारून मग सगळे पिळू म्हणाल तर एक-दोन सुटतात आणि वर राहिलेलं डोकं फोर्कलिफ्टला किंवा कुणाच्या बोटाला सापडतं. अडकलं तर आधी पाइप काढा, मगच तोंड उघडा आणि लांब तोंडाच्या पकडीने काढा. प्लास्टिकच्या पट्टीचे तुकडे फळ्यांच्या मधे शिरतात, वरचेवर झटकत राहा.

शेवटी टाकी रिकामी, पाणी काढलं, तेल लागणाऱ्या गनमध्ये दोन थेंब तेल, बिटं मोजून डब्यात. उरलेल्या कागदी पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद. दमट हवेत त्या फुगतात आणि पुढच्या वेळी मॅगझिनमध्ये सरकत नाहीत.