‘सध्या काय वाचताय?’ याचं उत्तर द्यावं कसं

विज्ञानकथा, फँटसी आणि थ्रिलर वाचणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा भेटायचं आणि जे पुस्तक चालू आहे त्याबद्दल प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं, एवढाच कार्यक्रम. गटात नवा माणूस आला की तो कुठला तरी सल्ला ऐकून आलेला असतो. ‘उत्साहानं बोला’, ‘कथेची थोडक्यात ओळख करून द्या’, ‘शेवट सोडून बाकी काहीही सांगा’. यातला शेवटचा सल्ला पहिल्यांदा ज्यानं दिला, त्यानं आयुष्यात धड एकही रहस्यकथा वाचली नसावी. आणि उत्साहाच्या भरात जेवढ्या पुस्तकांची वाट लागलेली मी पाहिली आहे, तेवढी वाईट लिखाणानंही लागली नसेल. म्हणून आमच्याकडे जे चालतं ते लिहून ठेवते.

पुस्तक कोणतं घ्यायचं

हातात आहे तेच. गेल्या वर्षी वाचलेलं किंवा पुढे कधीतरी वाचणार असलेलं नको. हलकंफुलकं असलं तरी लाजायचं कारण नाही.

नाव आधी, लेखक शेवटी

आधी पुस्तकाचं नाव सांगा आणि दोन क्षण थांबा. ज्याला ते कोरं वाचायचं असेल त्याला ‘थांब, मला नको’ म्हणायला तेवढा वेळ हवा. त्यानं तसं म्हटलं तर रागावू नका, त्याला पाच मिनिटं बाहेर फिरून येऊ द्या.

लेखकाचं नाव मात्र मी शेवटी सांगते. मोठं नाव आधी आलं की ऐकणारे माना डोलवायला लागतात आणि पुस्तक बाजूला राहतं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते कथेलाच मिळालं. आपल्या पाच मिनिटांत पुस्तकाला एवढी संधी द्यायला हरकत नाही.

कुठवर आलात ते सांगा, पण पानांत नको

पान क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, म्हणून प्रकरण सांगा. ई-बुकवाल्यांनी टक्के सांगताना जपून. फँटसीत शेवटी शब्दसूची, वंशावळी आणि पुढच्या खंडाचं पहिलं प्रकरण जोडलेलं असतं, त्यामुळे ‘अजून दहा टक्के आहे’ म्हणून निवांत बसलेला माणूस पान उलटतो तर गोष्ट संपलेली असते.

मालिका असेल तर कितवा खंड ते पहिल्याच वाक्यात. आणि कुणी ‘कुठून सुरू करू?’ विचारलं तर प्रकाशनाच्या क्रमानं, यावर मी वाद घालत नाही. सी. एस. लुईसच्या ‘नार्निया’ या फँटसी मालिकेच्या सात पुस्तकांचंच बघा. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ १९५० साली आधी आलं. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ १९५५ साली, सहावं. पण त्यातल्या घटना आधीच्या काळात घडतात म्हणून नंतरच्या आवृत्त्यांनी त्यावर एक आकडा घातला. तसं वाचलं तर १९५०च्या पुस्तकानं वाचकाला घातलेली कोडी पडायच्या आधीच सुटलेली असतात. लेखकानं कोडं आधी लिहिलं आणि उत्तर मागून, तर आपण उलटं का वाचायचं?

आता गोष्टीबद्दल काय सांगायचं

इथं घोडं पेंड खातं. माझं तर कित्येक वर्षं खात होतं.

गट सुरू झाला तेव्हा मी स्वतःला फार जपून बोलणारी समजत होते. शेवट सांगायचा नाही, खुनी कोण ते सांगायचं नाही, बाकी मोकळं. एकदा एका थ्रिलरबद्दल म्हणाले, ‘मी बरोबर मध्यावर आलेय आणि आत्ताच पोलिसांनी नवऱ्याला अटक केलीय.’ समोरची मैत्रीण क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे नवरा नाही.’ बरोबरच होतं. अर्धं पुस्तक शिल्लक असताना पकडलेला माणूस क्वचितच खरा गुन्हेगार असतो. मला पुढचं माहीत नव्हतं, तरी मी ते सांगून बसले होते. तिनं ते पुस्तक पुढे वाचलंच नाही आणि माझीही उरलेली दोनशे पानं बेचव झाली.

त्या दिवशी लक्षात आलं की या तीन प्रकारांचे वाचक साधे श्रोते नसतात. सुतावरून स्वर्ग गाठायची त्यांना सवय असते, पुस्तकांनीच ती लावलेली. तुम्ही काय लपवलंत याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. जे बोललात त्यावरून ते हिशेब मांडतात. म्हणून माझा पहिला नियम: कुठवर आलात ते सांगा किंवा काय घडलं ते सांगा, दोन्ही एकत्र कधीच नाही. प्रकरण क्रमांक सांगितलात ना? मग तिथली घटना पोटात ठेवा.

दुसरा नियम कथानकाच्या हद्दीचा. पुस्तकाच्या पहिल्या दहाव्या भागात जे आहे तेवढंच सांगायचं. चारशे पानांचं असेल तर चाळीस पानं. तेवढ्यात माणसं कोण, जागा कुठली आणि अडचण काय, हे तिन्ही येऊन गेलेलं असतं. नसेल आलं तर पुस्तक संथ आहे, आणि तेही सांगण्यासारखंच आहे. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून दाखवू नका. तो पुस्तक खपवण्यासाठी लिहिलेला असतो आणि अर्ध्या पुस्तकापर्यंतच्या घटना त्यात खुशाल सांगून टाकलेल्या असतात. मी मलपृष्ठ वाचणं सोडूनच दिलंय.

तिसरा नियम शब्दांचा आणि तोच सर्वांत अवघड. ‘यात एक जबरदस्त ट्विस्ट आहे’ असं म्हणणं म्हणजे ट्विस्ट फोडणंच. ऐकणारा मग पहिल्या पानापासून कुदळ घेऊन बसतो. प्रत्येक सज्जन माणूस त्याला संशयास्पद दिसतो आणि चाळिसाव्या पानावर त्याला उत्तर सापडतं. ‘यात कुणावर विश्वास ठेवू नकोस’ हेही तसलंच. पण त्याहून घातकी शब्द साधे दिसतात: ‘सुरुवातीला’, ‘वाटतं’, ‘वरवर पाहता’. समजा गोष्ट अशी आहे की धरणाकाठच्या गावातून एक मुलगी नाहीशी होते आणि तपासाला आलेली अधिकारी त्याच गावात वाढलेली आहे. ‘सुरुवातीला संशय मुलीच्या मामावर जातो’ म्हणालात की मामा सुटला. ‘ही अधिकारी प्रामाणिक वाटते’ म्हणालात की ती अडकली. त्यापेक्षा असं सांगा: ‘एका गावातून मुलगी नाहीशी झालीय, तपासाला गावचीच मुलगी पोलीस होऊन आलीय. प्रकरणं दोन-दोन पानांची आहेत, वाक्यं तुटक. गावातल्या लोकांचं बोलणं इतकं खरं आहे की संवाद मी दोनदा वाचते. रात्री वाचत नाही.’ कथानकाची दोन वाक्यं आणि उरलेली वाचनाची. गती, भाषा, माणसं खरी वाटतात का, कुठे कंटाळा आला, कुठे झोप उडाली, हे कितीही सांगा, त्यानं काही फुटत नाही. आणि खरं तर ऐकणाऱ्याला पुस्तक घ्यायचं की नाही हे त्यावरूनच ठरवता येतं.

प्रकार बदलला की धोकाही बदलतो. विज्ञानकथेत मध्यवर्ती कल्पना सांगावीच लागते, तिच्यासाठीच तर आपण वाचतो. पण ती कल्पना पहिल्या प्रकरणात उघड केलेली आहे की पात्रांना ती हळूहळू कळते, हे आधी तपासा. यान प्रवासाला निघालंच नव्हतं हे प्रवाशांना विसाव्या प्रकरणात कळणार असेल, तर तुमच्यासाठी ती फक्त यानाची गोष्ट आहे. कप्पासुद्धा घात करतो. झपाटलेल्या घराची कादंबरी ‘मस्त विज्ञानकथा आहे’ म्हणून आणली की घरातलं भूत दारातच गेलं. अशा वेळी मी प्रकार सांगतच नाही, नुसती ‘गोष्ट’ म्हणते.

फँटसीत धोका नावांचा. चौथ्या खंडात अमुक राजकन्या सैन्य जमवतेय असं म्हणालात, की पहिल्या खंडाच्या शेवटी कड्यावरून पडलेली राजकन्या जगली हे सगळ्यांना कळलं. तिसऱ्या खंडापुढे मी पात्रांची नावंच घेत नाही. त्या जगातली जादू कशी चालते, तिची किंमत कुणाला मोजावी लागते, नकाशा कामाचा आहे की नुसता शोभेचा, यावर बोलते. पाच मिनिटं सहज भरतात.

अर्धवट पुस्तकाची आणखी एक गंमत म्हणजे आपले तर्क. ‘मला वाटतं, डॉक्टरच असणार’ असं म्हणायचा मोह आवरत नाही. पण तर्क बरोबर निघाला तर ज्यांनी वाचलेलं नाही त्यांचं पुस्तक गेलं, आणि ज्यांनी वाचलंय त्यांचे चेहरे तुम्हाला सगळं सांगून टाकतात. तर्क कागदावर लिहा, तारीख घाला, घडी करून पुस्तकात ठेवा. संपल्यावर उघडा. माझे दहातले आठ चुकतात.

आणि हो, चेहरे. ज्यांनी पुस्तक संपवलंय त्यांनी ऐकताना हसायचं नाही, भुवया उंचवायच्या नाहीत, आणि ‘हं… वाच वाच, मग बोलू’ हे तर मुळीच म्हणायचं नाही. आमच्याकडे अशा माणसानं ‘मी वाचलंय’ एवढंच सांगून मोबाइलमध्ये डोकं घालायचं असतं. मोबाइलला तेवढीच परवानगी.

इथवर आलं की कुणीतरी हमखास तो अभ्यास काढतो. जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांचा, २०११ सालचा, ज्यात शेवट आधी कळलेल्या कथा वाचकांना जास्त आवडल्या. खरं आहे. पण त्या लघुकथा होत्या, एका बैठकीत संपणाऱ्या. दोन आठवडे उराशी बाळगलेल्या सहाशे पानांच्या कादंबरीला तो निष्कर्ष लावणं मला पटत नाही. शिवाय बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात वाचकांची मजा कमी झाल्याचंच दिसलं. आधी शेवट वाचून मग पुस्तक वाचणारी माणसं मलाही माहीत आहेत. त्यांनी खुशाल वाचावा, पण तो स्वतः शोधून, माझ्या तोंडून नाही.

गुपित राखायला सांगितलं तर लोक राखतात, हाही अनुभव आहे. ‘द माउसट्रॅप’ हे रहस्यनाटक लंडनच्या वेस्ट एंडमध्ये १९५२ साली सुरू झालं. प्रयोग संपला की नट प्रेक्षकांना विनंती करतात, शेवट कुणाला सांगू नका. विनंती साधीच, पण तोंडानं केलेली. आम्हीही प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ती एकदा मोठ्यानं करतो.

लिहून पाठवायचं असेल तर

पहिल्या ओळीत फक्त पुस्तकाचं नाव आणि खंड. मोबाइलच्या पडद्यावर संदेश न उघडताही पहिल्या एक-दोन ओळी दिसतात, तेव्हा रहस्य तिथं नको. ध्वनिसंदेश मला आवडत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ते एकापाठोपाठ आपोआप वाजत जातात आणि भाजी चिरत असलेल्या माणसाला ऐकायचं नसलेलं ऐकावं लागतं.

पुस्तक सोडून दिलं असेल तर

तसं सांगा, कितव्या प्रकरणाला सोडलं तेही. ‘बरं आहे, चाललंय’ असं तीन महिने सांगत राहणाऱ्यांचा मला वैताग येतो. सोडण्याचं कारण एका वाक्यात पुरे. एकाला ज्या कारणानं पुस्तक सुटलं, त्याच कारणानं दुसरा ते उचलतो. ‘चाळीस पानं नुसतं इंजिनाचं वर्णन’ असं मी वैतागून म्हटलं होतं, आणि ते पुस्तक त्याच संध्याकाळी माझ्याकडून दोघांनी मागितलं.

नोंद

एक वही. तारीख, कोण, कोणतं पुस्तक, कितवं प्रकरण. बस. या वहीचा खरा उपयोग पुढे होतो: एकच पुस्तक दोघांनी संपवल्याचं दिसलं की बैठकीनंतर त्या दोघांना दुसऱ्या खोलीत सोडायचं आणि दार लावून घ्यायचं. आतून ‘अरे, तो मामा!’ असं ऐकू आलं तर बाहेरच्यांनी कानांवर हात ठेवायचे.