सनस्क्रीनच्या ट्यूबवरचं बारीक अक्षर कसं वाचायचं

ट्यूब हातात आली की आधी ती उलटी करा. पुढच्या बाजूचं ‘हर्बल’, ‘केमिकल फ्री’, ‘गोरेपणासह’ हे सगळं जाहिरातीचं असतं. कायद्यानं छापावी लागणारी माहिती मागं असते, आणि तीही इतक्या बारीक अक्षरात की दुकानाच्या उजेडात दिसत नाही. मोबाइलनं फोटो काढा आणि बोटांनी मोठा करून वाचा. इंग्रजी अक्षरं जड जात असतील तर तोच फोटो गूगल लेन्सवर टाका. नाव वाचता येईल, ऐकताही येईल.

रसायनांची नावं शोधण्याआधी एक गोष्ट पाहायची: हे लेबल खरंच लेबल आहे का? उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख हे सगळं हवंच. माल परदेशी असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक हवा. आठवडी बाजारात कटलरीच्या दुकानावर किंवा ब्यूटी पार्लरमध्ये मिळणाऱ्या अनेक डब्यांवर यातलं अर्धंही नसतं. कधी सगळा मजकूर अशा लिपीत असतो की दुकानदारालाही वाचता येत नाही. असा डबा पुढं तपासत बसू नका, तिथंच ठेवून द्या.

गावात मोठी अडचण छोट्या पाकिटांची आहे. क्रीमसारखी वस्तू ३० ग्रॅमपेक्षा कमी किंवा पातळ वस्तू ६० मिलीपेक्षा कमी असेल तर घटकांची यादी न छापण्याची सूट भारताच्या नियमांतच आहे. म्हणून दहा-वीस रुपयांच्या पाकिटावर यादी दिसली नाही तर ते बनावटच असेल असं नाही, पण तुम्हाला तपासायलाही काही उरत नाही. त्याच मालाचं ५० ग्रॅमचं खोकं मेडिकलमध्ये मागून वाचा, किंवा कंपनीच्या साइटवर यादी पहा. तेही जमत नसेल तर दोघी-तिघींनी मिळून मोठी ट्यूब घेतलेली बरी.

आता सगळ्यात धोक्याचे दोन घटक. टाळायच्या घटकांच्या पाश्चात्त्य देशांतल्या याद्यांमध्ये ते सहसा वरच्या क्रमांकावर नसतात, पण आपल्याकडं खरं नुकसान यांनीच होतं.

पहिला पारा. सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला भारतात बंदी आहे, तरीही ‘उन्हापासून बचाव आणि गोरेपणा’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये तो सापडतो. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची किडनी अशा क्रीममुळं दुखावल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. लेबलवर मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस, कॅलोमेल किंवा सिनाबार यांपैकी एकही शब्द दिसला तर ती क्रीम लावायची नाही. बहुतेक वेळा मात्र हे शब्द लिहिलेलेच नसतात, म्हणून आडून सुचवणारी खूण पहा: ‘सोनं, चांदी, रबर, अॅल्युमिनियम यांना लागू देऊ नका’ अशी सूचना. दागिन्यांना क्रीम लागू नये असं कोणी सांगत असेल तर त्यात पारा असण्याची शक्यता धरा. अशी क्रीम वापरली असेल आणि पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, तर क्रीम बंद करून लघवीची तपासणी करून घ्या. क्रीमचा डबा डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. लहान लेकरू कुशीत झोपत असेल तर त्यालाही ती क्रीम लागते, हेही लक्षात असू द्या.

दुसरा स्टेरॉइड. वांग आला म्हणून मेडिकलमधून आणलेली ट्यूब अनेक घरांत रोज उन्हात जाताना लावली जाते. त्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असं काही लिहिलं असेल, सोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल, तर ते औषध आहे, सनस्क्रीन नव्हे. खोक्यावर ‘आरएक्स’ची (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाची) खूण किंवा लाल पट्टी असते. आठ-दहा दिवसांत चेहरा उजळतो म्हणून बाया खूश होतात. पुढं कातडी पातळ होते, तपन सहन होत नाही, चेहरा लाल होऊन जळजळतो, पुळ्या आणि लव वाढते. महिनोन्‌महिने लावल्यावर एकदम बंद केली तर हे सगळं उफाळून येतं. म्हणून बंद कशी करायची ते सेवाग्राम, यवतमाळ, अकोला किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग ओपीडीत विचारून ठरवा.

हे दोन्ही नाहीत याची खात्री झाली की मग ऊन अडवणाऱ्या घटकांकडं या. यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहितात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले पुढं कोणत्याही क्रमानं येऊ शकतात. नाव जितकं वर, तितकं प्रमाण जास्त.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हे खनिज घटक कातडीच्या वरच्या थरावरच राहतात. लेबलवर कधी ते सीआय ७७९४७ आणि सीआय ७७८९१ असे आकड्यांतही असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ च्या प्रस्तावात फक्त या दोघांना सुरक्षित आणि परिणामकारक मानलं, बारा घटकांबद्दल आणखी माहिती मागितली. लक्षात घ्या, त्या बारांना घातक ठरवलेलं नाही. त्यातले काही रक्तात उतरतात हे चाचण्यांत दिसलं, म्हणून ही विचारणा. गरोदर बाई, लहान मूल किंवा नाजूक कातडी असेल तर झिंक ऑक्साइडची क्रीम निवडावी असं आमचं मत आहे. चेहरा थोडा पांढुरका दिसतो, तो त्याचा गुण समजा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड (सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९) असलेली रंगीत क्रीम जास्त कामाची, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र काहीच लावू नका, सावली आणि सुती कापड पुरे.

टाळण्यासारखा पहिला घटक ऑक्सिबेन्झोन. लेबलवर तो बहुधा ‘बेन्झोफेनोन-३’ असतो. तो रक्तात जास्त उतरतो आणि उन्हात गेल्यावर उठणारी अॅलर्जीही करू शकतो. युरोपनं २०२२ मध्ये त्याचं प्रमाण चेहऱ्याच्या क्रीमसाठी ६ टक्के आणि अंगाच्या क्रीमसाठी २.२ टक्क्यांवर आणलं. ऑक्टिनॉक्सेट म्हणजे ‘इथाइलहेक्सिल मेथॉक्सिसिनामेट’. तो एकटा असेल तर फार घाबरायचं कारण नाही, पण त्याच यादीत अॅव्होबेन्झोन (‘ब्यूटाइल मेथॉक्सिडायबेन्झॉइलमिथेन’) असेल तर उन्हात दोघं एकमेकांना निकामी करतात. ऑक्टोक्रिलीन अॅव्होबेन्झोनला टिकवतो, पण जुन्या ट्यूबमध्ये त्यापासून बेन्झोफेनोन (वरचा बेन्झोफेनोन-३ नव्हे, कर्करोगाचा संशय असलेलं वेगळं रसायन) तयार होत जातो. म्हणून मागच्या उन्हाळ्याची उरलेली ट्यूब यंदा काढू नका. गुडघेदुखीवर कीटोप्रोफेनचं जेल लावणाऱ्यांनीही ऑक्टोक्रिलीन टाळावं, त्या जेलची ज्यांना उन्हातली अॅलर्जी होते त्यांना यानंही होऊ शकते.

‘रीफ सेफ’ लिहिलेलं दिसलं म्हणजे कातडीसाठी सुरक्षित असं होत नाही. तो मुद्दा समुद्रातल्या प्रवाळांचा आहे. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटच्या विक्रीवर बंदी आली ती त्यासाठी.

खाज-पुरळाला बहुतेक वेळा यादीच्या शेवटची नावं कारण असतात: परफ्यूम किंवा फ्रेग्रन्स (सुवास), आणि माल टिकवणारी मिथाइलआयसोथायझोलिनोन, डीएमडीएम हायडँटोइन ही रसायनं. नवी ट्यूब आणली की मटारएवढी क्रीम कानामागं दोन दिवस लावून पहा. स्प्रे आणि पावडर आम्ही सुचवत नाही, बारीक कण श्वासात जातात.

फवारणीच्या दिवशी वेगळा नियम. २,४-डी हे तणनाशक सनस्क्रीनमधल्या काही घटकांमुळं कातडीतून जास्त आत शिरतं, असं उंदरांच्या कातडीवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली. तिथं जोखमीत भर घालण्याचं काहीच कारण नाही. पंप पाठीवर घ्यायचा असेल त्या दिवशी सनस्क्रीन लावू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडाला मास्क लावा. वावरातून आल्यावर आधी साबणानं अंघोळ, मग चेहऱ्याला काय लावायचं ते लावा.

उरलेले दोन आकडे सोपे आहेत. एसपीएफ ३० पुरतो, तो जळवणारी सुमारे ९७ टक्के किरणं अडवतो; ५० चा सुमारे ९८. सोबत पीए+++ किंवा ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (कातडीत खोल जाणारी यूव्हीए किरणंही अडवल्याची खूण) हवंच. पण हा हिशेब पुरेशी क्रीम लावली तरच खरा ठरतो. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढी, साधारण एक ग्रॅम, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं, आणि दर दोन तासांनी किंवा घाम आला की पुन्हा. दिवसातून दोनदा लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. ती सहा महिने पुरत असेल तर कमी लावली जाते आहे. दिवसभर निंदणाला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला हा खर्च झेपत नाही, आणि झेपायची गरजही नाही. लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि डोक्या-चेहऱ्याला दुपट्टा हे तिचं मुख्य संरक्षण. क्रीम उघड्या राहणाऱ्या नाक-गालांपुरती.

ट्यूब टिनाच्या छपराखाली किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा डिक्कीत त्याहून जास्त तापतं. माठाजवळची थंड जागा चांगली. उघडल्यावर पाणी आणि तेल वेगळं आलं, वास बदलला किंवा दाणे लागले तर तारीख शिल्लक असली तरी टाकून द्या.

पुरळ उठलं किंवा माल संशयास्पद वाटला तर खोकं आणि बिल जपून ठेवा. ट्यूबच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करता येते, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. बॅच नंबर तेव्हा सगळ्यात आधी विचारला जातो.