शनिवार-रविवारी क्वालालंपूरला खायला जाताना

मलेशियाचे खाणे चाखण्यासाठी मुंबईहून निघणाऱ्याने दोन दिवसांत पेनांग, मलाक्का आणि राजधानी असे सगळे उरकण्याचा मोह आधी सोडावा. क्वालालंपूर एवढे एकच शहर पुरेसे आहे, कारण मलय, चिनी आणि तमिळ अशा तिन्ही समाजांच्या चुली तिथे शेजारीशेजारी पेटतात. मात्र तिथला बहुतेक पदार्थ आपापली वेळ पाळतो. म्हणून पदार्थांची यादी करण्याऐवजी कोणत्या वेळी शहरात कुठे असायचे, हे आधी ठरवावे.

थेट विमानाला सुमारे पाच तास लागतात आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. शुक्रवारी ऑफिसमधून परस्पर सहारला जाऊन रात्रीचे विमान पकडले, तर शनिवारची न्याहारी तिथेच होते. भारतीय पासपोर्टवर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. पण पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावे लागते. ते विनामूल्य असते, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांच्या नादी लागू नये. तारखा निवडताना रमजान आणि चिनी नववर्ष पाहून घ्यावे. रमजानमध्ये मलय खाणावळी दिवसा बंद असतात (संध्याकाळी भरणारे बाजार मात्र डोळ्यांचे पारणे फेडतात), तर चिनी नववर्षात चिनी दुकानांना कुलपे असतात. मुक्काम केएल सेंट्रल स्थानकाजवळ करावा; विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलवरून येणारी जलद गाडी तिथे २८ मिनिटांत पोहोचवते आणि शहरभरच्या गाड्याही तिथूनच सुटतात.

सामान टाकून एलआरटी या शहरी रेल्वेने थेट कांपुंग बारू गाठावे. ब्रिटिश अमदानीत मलय लोकांसाठी राखलेली ही वस्ती आजही पेट्रोनास मनोऱ्यांच्या पायथ्याशी आपली बैठी लाकडी घरे राखून आहे. इथे न्याहारीला नासी लमाक घ्यावा: नारळाच्या दुधात पांदानची सुवासिक पाने घालून शिजवलेला भात, वर सांबाल नावाची तिखटगोड मिरचीची चटणी, तळलेले शेंगदाणे, काकडी, उकडलेले अंडे आणि इकान बिलिस नावाची कुरकुरीत तळलेली सुकी मासळी. सांबालमध्ये बहुधा ब्लाचान असते. ते आपल्या जवळ्याच्याच जातीची बारीक कोळंबी मीठ लावून, कुटून, आंबवून आणि वाळवून केलेले असते, त्यामुळे सुक्या मासळीवर वाढलेल्या कोकणी माणसाला तो वास परका वाटत नाही. मलेशियाच्या या न्याहारी संस्कृतीची नोंद २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत झाली. त्याच नोंदीतले रोती चनाई (पदर सुटलेली मैद्याची रोटी) आणि तेह तारिक (फेसाळ दुधाचा चहा) मामाक, म्हणजे तमिळ मुस्लिमांच्या, दुकानात मिळतात. ही दुकाने बहुतेक रात्रभर उघडी असल्याने त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवण्याचे कारण नाही. तिथे तव्याजवळची जागा पकडावी. कारागीर तुपाने माखलेला मैद्याचा गोळा हवेत फिरवून पारदर्शक होईपर्यंत पसरतो, त्याच्या घड्या घालून भाजतो आणि शेवटी दोन्ही तळहातांनी टाळी दिल्यासारखा चेपून त्याचे पदर मोकळे करतो. चहा कंडेन्स्ड दुधाचा आणि फार गोड असतो. ‘कुरांग मानिस’ म्हटले की साखर कमी पडते.

शनिवारची संध्याकाळ साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेले मांसाचे तुकडे, खाण्यासाठी ठेवावी. जालान आलोर या प्रसिद्ध खाऊगल्लीत ते मिळते, पण ती गल्ली आता पर्यटकांसाठीच सजल्यासारखी वाटते. तिथे एक फेरी मारावी, पोट मात्र रिकामे ठेवावे. जवळच्याच बुकित बिंतांग स्थानकाहून एमआरटी या मेट्रोने थेट काजांगला जाता येते, आणि साते हीच त्या गावाची ओळख आहे. कोळशावर भाजलेल्या हळदीच्या रंगाच्या काड्या, शेंगदाण्याची दाट चटणी, दाबून केलेल्या भाताच्या वड्या आणि कच्चा कांदा एवढ्यावर जेवण होते.

रविवारी सकाळी पेटालिंग स्ट्रीट या चिनी वस्तीच्या परिसरातल्या एखाद्या जुन्या कोपितियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, काया, म्हणजे नारळ-अंड्याचा गोड मुरंबा, लावलेला टोस्ट, अर्धवट उकडलेली अंडी आणि कडक कॉफी घ्यावी. दुपारच्या आत तिथल्याच गल्ल्यांत करी लक्साही (नारळाच्या दुधाच्या तिखट रश्शातल्या नूडल्स) खाऊन घ्यावा, कारण हे ठेले लवकर आवरतात. ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीतले केळीच्या पानावरचे जेवण चांगले असते. तरी त्या धाटणीचे पान माटुंग्यालाही वाढले जाते, म्हणून मांसाहारी माणसाने त्यात एक जेवण घालवू नये.

शाकाहारी सोबत्यांसाठी मात्र तेच पान भरवशाचे आहे. इतरत्र ‘भाजीचा’ म्हणून आलेल्या पदार्थातही ब्लाचान असू शकते आणि चिनी ठेल्यांवरच्या होक्किएन मी या परतलेल्या नूडल्समध्ये डुकराची चरबी असते, म्हणून मागवण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. रोती चनाईबरोबर डाळच हवी, माशाची करी नको, हेही आधीच सांगावे.

ठेल्यांवर द्यायला रिंगिटच्या (मलेशियाच्या चलनाच्या) लहान नोटा जवळ असाव्यात. परतीचे विमान रविवारी रात्रीचे घेतले, तर दुपारी चेंडोलला वेळ मिळतो: किसलेला बर्फ, नारळाचे दूध, पांदानच्या हिरव्या शेवया आणि वरून ताडगूळ. ते ढवळण्याआधी पहिला चमचा तळाशी घालून गूळ पुरेसा आहे का ते पाहावे. कमी वाटला तर मागावा.